अकरा ग्रॅमची बचत

३ जानेवारी
संकल्प. छोट्या उपग्रहावर अवकाशातले कण मोजायचा सेन्सर जातोय. त्याचं सर्किट जेवणाच्या डब्याएवढं आहे. मी ते काड्यापेटीएवढं करणार. साहेब म्हणाले, डबा बसतोय, थोडा आटोपशीर झाला तर बरं. मला थोडं काही जमत नाही. साडूला फोन केला, आपलं काम अवकाशात जातंय.

१९ जानेवारी
अर्धं झालं. कागदावर.

११ फेब्रुवारी, दुपारी
पॉवर सप्लाय आणि अँप्लिफायर खेटून बसवले. टेस्टिंगच्या बाई म्हणाल्या, एकाचा गोंगाट दुसऱ्याच्या कानात जाईल, मध्ये पत्र्याचं झाकण राहू द्या. झाकण अकरा ग्रॅमचं! काढलं. बाईंचं म्हणणं वहीत लिहून घेतलं, म्हणजे त्यांना बरं वाटतं.

२६ फेब्रुवारी
झालं! काड्यापेटीत बसतं. काड्या तेवढ्या काढाव्या लागतात. बायको म्हणाली, छान आहे, पण ताटाशेजारी नको.

४ मार्च
पहिली चाचणी. मिनिटाला चार हजार कण! डबा जेमतेम चाळीस मोजतो. म्हणजे इतकी वर्षं ही मंडळी झोपा काढत होती. साडूला आकडा कळवला.

५ मार्च
बाईंनी सेन्सरच काढून ठेवला आणि पुन्हा मोजलं. चार हजार. सेन्सरशिवायही मोजतं, याला मी प्रगती म्हणतो. साहेबांनी वेगळा शब्द वापरला.

६ मार्च
डबाच जाणार. गाढवाला गुळाची चव काय! संतापाने जेवलो नाही. मग जेवलो. पण वाईट वाटलं, खरंच वाटलं.

२० मार्च
उपग्रह एका बाजूला कलतोय. कोपऱ्यात पन्नास ग्रॅम वजन हवंय. साहेबांनी विचारलं, तुमचं सर्किट चिकटवू का? लगेच हो म्हणालो. साडूला फोन केला, जातंय! तो म्हणाला, नेमकं काय करणार ते? म्हटलं, अख्खा उपग्रह त्याच्यावर सावरलाय.

२२ मार्च, सकाळी
एकोणचाळीस ग्रॅम भरलं. बाईंनी ड्रॉवरमधून पत्र्याचं झाकण काढलं, जागच्या जागी बसवलं. बरोब्बर पन्नास. मग सहज म्हणून जादाचा सेन्सर जोडून मोजलं.
चाळीस.
पुन्हा मोजलं. चाळीसच. साहेब म्हणाले, सुरेख, पण डबा कालच सील झाला. सर्किटच्या वायरी कापून ते कोपऱ्यात चिकटवलं.
साडूचा फोन वाजतोय. उचलला नाही.