काटा खाली, मी ठाम

२ मार्च, सकाळी ६.१५
आजपासून रोजनिशी. बाजार पडतोय आणि अशा वेळी घरात एक तरी माणूस डोकं ठिकाणावर असलेला हवा. तो मी. एकतीस वर्षं बॉयलर इन्स्पेक्टर होतो. माझ्या हद्दीत एकही बॉयलर फुटला नाही. दोन गळले, पण गळणं वेगळं. ज्याने दहा-दहा टन वाफ काबूत ठेवली, त्याला शेअर बाजार काय घाबरवणार!

परिस्थिती अशी. निवृत्तीच्या वेळी मिळालेली सगळी रक्कम म्युच्युअल फंडात. दर महिन्याच्या दहा तारखेला त्यातून ठरावीक पैसे घरखर्चाला येतात. आम्हा दोघांचं उरलेलं आयुष्य त्यावर चालायचंय. सल्लागार बाई शेअरवाल्या फंडांत निम्मेच घाला म्हणत होत्या. मी हट्टाने पाऊण रक्कम घातली. तेव्हा बाजार वर होता. मीही.

शुक्रवारी पोर्टफोलिओ सहा टक्के खाली होता. निश्चय: यापुढे महिन्यातून एकदाच बघायचं. एक तारखेला. बास.

२ मार्च, सकाळी ९.२५
बघितलं. काल एक तारीख होती, पण रविवार होता, म्हणजे या महिन्याचं बघायचं राहिलंच होतं. सात टक्के. आता थेट एक एप्रिल.

३ मार्च
आठ. मुद्दाम बघितलं नाही. फोनमध्ये वेळ बघायला गेलो तर ॲपवर बोट पडलं. माझं बोट जाड आहे, त्याला काय करणार?

हा तोटा फक्त कागदावरचा. विकल्याशिवाय तोटा होत नसतो, हे तीनदा मोठ्याने म्हणालो. स्वयंपाकघरातून हिने विचारलं, कुणाशी बोलताय. फोनवर आहे म्हटलं. फोन हिच्या शेजारी चार्जिंगला लावलेला होता.

५ मार्च
चोरून बघण्यात कमीपणा आहे. म्हणून रीतसर पद्धत सुरू केली. माळ्यावरून जुनं लॉगबुक काढलं. कोरी पानं पुष्कळ. दर तासाला रीडिंग, वेळ, शेरा, सही. फंडाचा खरा भाव रात्री एकदाच ठरतो, पण ॲप बाजार बघून दिवसभर अंदाजे आकडा दाखवत राहतं. ऑपरेटर लोकांना हेच शिकवायचो. रीडिंग घेतल्याने प्रेशर वाढत नाही हे खरं, पण न घेता कमी झालं तर जबाबदार कोण?

१० वाजता ९.१. ११ वाजता ९.४. १२ वाजता ९.२, शेरा: सुधारणा. १ वाजता जेवायला बसलो, २ वाजता ९.९. जेवणामुळे लक्ष हटलं. उद्यापासून उभ्याने जेवणार.

८ मार्च, रविवार
बाजार बंद. तरी चार रीडिंग घेतली. चारही वेळा ११.३. रविवारी बाजार अत्यंत स्थिर असतो. इतक्या तज्ज्ञांच्या हे लक्षात कसं आलं नाही?

१० मार्च
पैसे आले. बँकेचा मेसेज हिला येतो. बँकेचं सगळं तीच बघते, मी धोरण बघतो. तोट्याचं तिला सांगितलेलं नाही. प्रसूतीच्या वॉर्डात एकोणतीस वर्षं नर्स होती, शेवटची दहा वर्षं हेड नर्स. रक्त बघून डगमगत नाही, पण टक्केवारीचं तसं नसतं. बिचारी हाय खाईल.

काटकसर मात्र गुपचूप सुरू केली आहे. नियम एक: रिकाम्या खोलीत दिवा नको, भरलेल्या खोलीत एकच. नियम दोन: लिफ्ट बंद, जिना. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत बाजार अर्धा टक्का पडलेला असतो, तेवढा वेळ तरी कळत नाही.

संध्याकाळी ही म्हणाली, अंधारात कांदा चिरताना माझं बोट कापलं तर त्याचा खर्च कुठे लिहिणार आहात? दिवा लावला. नियम एकला अपवाद: कांदा.

१२ मार्च
सल्लागार बाईंना फोन. या आठवड्यातला सहावा. त्या म्हणाल्या, काका, काहीही करू नका. मी विचारलं, काहीही म्हणजे नेमकं काय काय करायचं नाही? त्या म्हणाल्या, काहीच नाही. दोन वर्षांचा घरखर्च वेगळ्या, सुरक्षित फंडात ठेवलाय तो याच दिवसांसाठी. दहा तारखेचे पैसे तिथून येतात. बाकीच्याला हात लावला नाही तर तो आज ना उद्या सावरतो. घाबरून विकलंत, तर मात्र कागदावरचा तोटा कायमचा पदरात.

मुलगी हुशार आहे. पण वय बत्तीस. तिने बॉयलर फुटताना पाहिलेला नाही. मीही पाहिलेला नाही, पण मी त्यावर परिपत्रक काढलं होतं.

१६ मार्च
एकोणीस.

बागेतल्या बाकावर मुख्याध्यापक भेटले. निवृत्त. सगळा पैसा मुदत ठेवीत. काय म्हणतोय तुमचा बाजार, असं विचारलं. मी म्हटलं, संधी आहे. ते म्हणाले, पडलो तरी नाक वर! गेल्या वर्षी याच बाकावर मी त्यांना सांगितलं होतं की मुदत ठेव म्हणजे पैशालाही पेन्शनीत काढणं. त्यांना ते वाक्य अजून तोंडपाठ आहे. आज दोनदा म्हणून दाखवलं, एकदा अभिनयासह.

झोप लागत नाही. वजन दोन किलोंनी उतरलं. ही घट मात्र कागदावरची नाही.

१९ मार्च, सकाळी ११.४०
२३.४.

नियमावली स्पष्ट आहे. काटा असा घसरायला लागला की कुठेतरी मोठी गळती आहे. मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा आणि माणसं बाहेर काढायची. वाट बघत बसणाऱ्यांची नावं नंतर चौकशी अहवालात येतात.

बाल्कनीत गेलो. वीस मिनिटं येरझारा घातल्या, व्यायाम म्हणून. मग ‘सगळं विका’ दाबलं. सुरक्षित फंडासकट. अर्धवट बंद केलेला व्हॉल्व्ह सगळ्यात घातक. दोनदा बोट बाजूला पडलं, जाड आहे म्हणून. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत आलं: विनंती मिळाली. खाली बारीक अक्षरांत आणखी बरंच काही होतं, पण चष्मा आत राहिलेला आणि आत ही. लगेच ॲपच फोनवरून काढून टाकलं. पुन्हा मोह नको.

भीतीने विकलेलं नाही. हे इथे स्पष्ट नोंदवतो.

२० मार्च
नऊ तास झोपलो. सकाळी दोन कप चहा, पूर्ण. घरातले सगळे दिवे लावले, बाथरूमचासुद्धा. लॉगबुक माळ्यावर. लिफ्टने खाली गेलो, लिफ्टने वर आलो, पुन्हा एकदा खाली गेलो.

ही म्हणाली, चेहरा उजळलाय तुमचा. म्हटलं, हवा बदलली.

२३ मार्च
बातम्या: बाजार आणखी तीन टक्के खाली! मी टाळी वाजवली. हिने विचारलं एवढं काय झालं. काही नाही म्हटलं, एकूणच बरं वाटतंय. दुसऱ्यांच्या नुकसानीत आनंद मानू नये. मी मानला नाही. फक्त त्याच बातम्या आणखी दोन चॅनेलवर बघितल्या.

विकलेले पैसे एव्हाना बँकेत आले असणार. हिला विचारावं तर बिंग फुटेल. तिच्या लक्षात कसं आलं नाही? बायकांचं अशा गोष्टींकडे लक्ष नसतं.

२६ मार्च
बाकावर छोटं व्याख्यान दिलं. विषय: वेळेवर बाहेर पडण्याची कला. श्रोते: मुख्याध्यापक आणि चालायला आलेल्या दोन बायका. त्या लगेच चालायला गेल्या. मुख्याध्यापकांनी मात्र खिशातली वही काढून मुद्दे लिहून घेतले. शेवटी म्हणाले, मानलं बुवा तुम्हाला. चाळीस वर्षं ज्याने दुसऱ्यांना मार्क दिले, त्याच्याकडून हे ऐकायला मिळणं साधी गोष्ट नाही. घरी येताना शीळ वाजवत होतो.

३० मार्च
बाजार चार टक्के वर. विझताना दिवा मोठा होतो.

१ एप्रिल
आणखी तीन टक्के वर. दिवा जरा जास्तच मोठा झालाय.

२ एप्रिल
आणखी अडीच. विझायचं लक्षण नाही. टीव्हीचा प्लग काढून ठेवला. वीज वाचते.

६ एप्रिल
आजही वर. बागेत जाणार नव्हतो, पण मुख्याध्यापकच घरी आले. म्हणाले, वही तपासली, व्याख्यानात परत आत कधी शिरायचं तेवढं राहिलंय. मी म्हटलं, तो भाग दुसरा. ते म्हणाले, मग सांगा ना, पेन आणलंय. मी गुडघा दुखतोय असं सांगितलं. ही लगेच मलम घेऊन आली. न दुखणाऱ्या गुडघ्याला मलम लावून घेताना फार चमत्कारिक वाटतं.

आकडेमोड केली. गप्प बसलो असतो तर आज तोटा सतरा टक्क्यांच्या आसपास असता. मी तेवीस टक्क्यांवर पक्का करून टाकला. आता परत घ्यायचं तर महाग. न घ्यावं तर पुंजी पुरणार नाही. तेलही गेलं, तूपही गेलं.

९ एप्रिल, दुपारी ३
उद्या दहा तारीख. सुरक्षित फंडही विकल्यामुळे उद्या पैसे येणार नाहीत. मेसेज आला नाही की हिला कळणार. उद्या कळण्यापेक्षा आज मी सांगितलेलं बरं. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांचे अहवाल लिहिले. स्वतःच्या चुकीचा लिहायला बसलो तर पहिली ओळच सुचत नाही.

एक गोष्ट या वहीत लिहिली नव्हती. त्या रकमेत माझ्याइतकीच हिचीही कमाई आहे. एकोणतीस वर्षांच्या रात्रपाळ्यांची. सह्या करताना हिने फक्त एवढंच विचारलं होतं, की नीट बघितलंय ना तुम्ही? मी म्हटलं होतं, माझ्यावर सोड. लिहायला लाज वाटत होती म्हणून लिहिलं नव्हतं. आता वाटतेय ती त्याहून जास्त आहे.

९ एप्रिल, सायंकाळी ७
सांगितलं. उभा राहून. तारीख, वेळ, टक्केवारी, सगळं. तू म्हणशील ती शिक्षा, असंही म्हणालो.

ही वाटाणे सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, काही विकलं गेलेलं नाही.

मला ऐकायला आलं, पण कळलं नाही. तिने हात पुसले आणि सगळं सांगितलं. खातं दोघांच्या नावावर आहे. ते उघडलं तेव्हा माझा फोन दुरुस्तीला होता, म्हणून नंबर हिचा दिला होता. काहीही विकायचं तर हिच्या फोनवर कोड येतो आणि तो भरल्याशिवाय विक्री होत नाही. बारीक अक्षरांत नेमकं तेच लिहिलेलं असणार. १९ मार्चला अकरा चाळीसला हिच्या फोनवर कोड आला. हिने दारातून बाल्कनीत बघितलं, माझा चेहरा बघितला आणि फोन उशीखाली ठेवून दिला. दहा मिनिटांत कोड बाद झाला.

आणि तोटा? तो तिला फेब्रुवारीपासूनच माहीत होता. तिच्या फोनवर ॲप आहे. आठवड्यातून एकदा बघते. शनिवारी, कपडे वाळत घातल्यावर.

मी विचारलं, मग गेले तीन आठवडे मला सांगितलं का नाही? ती म्हणाली, वॉर्डाबाहेर नवरे येरझारा घालायचे, नर्सना सुचू द्यायचे नाहीत. आम्ही त्यांना गरम पाणी आणायला पिटाळायचो. पाणी कुणालाच नको असायचं. पण ते बादली घेऊन धावायचे, आत बाळंतपण नीट व्हायचं आणि नंतर तेच सगळ्यांना सांगायचे की मी होतो म्हणून निभावलं. तुम्ही विकलंत असं समजलात आणि नऊ तास झोपलात. मी कशाला उठवू?

मला रडू आलं. हिने वाटाण्यांचं ताट माझ्यापुढे सरकवलं. उरलेले मी सोलले.

१० एप्रिल
सकाळी १०.०५ ला पैसे आले. पोर्टफोलिओ १६.८ टक्के खाली. एकूण विचार करता, एवढ्या पडझडीत आमच्या घराने काहीही विकलं नाही. असा संयम फार थोड्या लोकांकडे असतो.

मुख्याध्यापकांना भाग दोन सांगितला: कधीकधी बाहेर पडल्यासारखं दाखवावं, पण पडू नये. त्यांनी लिहून घेतलं आणि खाली दोनदा रेघ मारली.

हिने माझ्या फोनवर ॲप परत घालून दिलं. म्हणाली, पुढच्या वेळी फार दिवस अंगावर काढू नका, लगेच विकून मोकळे व्हा. ही सूचना मी साफ धुडकावली. मी काय वॉर्डाबाहेरचा नवरा आहे?

१५ एप्रिल
बाजार पावणेदोन टक्के खाली. ११.२० ला सगळं विकलं. आत हिचा फोन वाजल्याचा आवाज आला. दुपारी जेवण झाल्यावर छान झोप लागली.