लाल चिठ्ठीचा बॉयलर

मंगळवार, २४ जानेवारी

स्वयंपाकघराच्या भिंतीतली हवेची जाळी बुजवायला आलेला खर्च: कार्पेटचा तुकडा, दुकानातलाच, फुकट. सिलिकॉनची नळी, तीन पौंड नव्वद. मेहनत माझी, वीस मिनिटं. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. बायकोच्या, थेल्माच्या पायांना वारा झोंबायचा, तो थांबला. वर ‘दरसाल चाळीस पौंडांचा गॅस वाचतो’ म्हणून मी चारचौघांत सांगत आलो.

आज त्या हिशेबात भर पडली – अख्खा नवा बॉयलर!

ज्योत दोन दिवस सारखी विझत होती म्हणून मुलीनं, बेव्हनं तिच्या ओळखीची गॅसवाली पाठवली. लॉरेन शटलवर्थ. चाळिशीची, मोजकं बोलणारी. तिनं झाकण काढलं, आत काजळीच काजळी. ज्योत निळी हवी, पिवळी होती. मला रोज दिसत होती की! मला वाटायचं, काय छान उबदार रंग.

‘इथे हवेची जाळी असायला हवी, मिस्टर बॅराक्लफ.’

आहे ना, म्हटलं. कार्पेटच्या मागे आहे.

तिनं तो तुकडा उपसून काढला, उलटापालटा करून पाहिला. ‘माल चांगला आहे.’

‘ऐंशी टक्के लोकर,’ मी म्हणालो. चाळीस वर्षं कार्पेटं विकली, तोंडातून निघून गेलं.

‘बॉयलरला श्वास लागतो,’ ती म्हणाली. ‘त्याला मिळाला नाही की तो तुमचा घेतो.’

गॅसचा नळ बंद केला, बॉयलरवर लाल चिठ्ठी डकवली. पुन्हा चालू करायचा नाही, मी सही केली. चौतीस वर्षांत पहिल्यांदा घर तापवणारे रेडिएटर जानेवारीत गार.

जाता जाता तिनं विचारलं, ‘या खोलीत जास्त वेळ कोण बसतं?’

सध्या कुणीच नाही, म्हटलं. खोटं नाही ते. थेल्मा रविवारपासून इस्पितळात आहे, न्यूमोनियानं. त्याआधी मात्र रोज आठ-नऊ तास तिथेच – रेडिओ, शब्दकोडं, चहा.

बुधवार, २५ जानेवारी

डॉक्टरला गाठून विचारलं – बॉयलरचा धूर? पोरगाच आहे, पण नीट ऐकून घेतलं. म्हणाला, न्यूमोनिया जंतूंनी होतो, बॉयलरनं नव्हे. मी म्हटलं, पण तिचं डोकं दुखायचं, नव्या वर्षापासून – नाही, नाताळच्याही आधीपासून! ‘ते त्या धुरातल्या विषारी वायूनं असू शकेल,’ म्हणाला. ‘नसूही शकेल. रक्तातून तो काही तासांत निघून जातो. आता कळायला मार्ग नाही.’

कळायला मार्ग नाही. हेच घेऊन घरी आलो.

घरात नऊ अंश. स्वयंपाकघरात कोट घालून डब्यातलं सूप प्यायलो. तिच्या खुर्चीत बसून पाहिलं. बॉयलर हाताच्या अंतरावर.

शुक्रवार, २७ जानेवारी

ताप उतरला! नाकाला ऑक्सिजनची नळी आहे अजून, पण थेल्मानं माझ्या शर्टाला नावं ठेवली, म्हणजे सुधारतेय.

घरी सोडायची कामं बघणारी परिचारिका आली. हसरी, सगळ्यांना ‘राजा’ म्हणते. हातात कागद, एकेका प्रश्नावर खूण करत गेली. जिने किती? न्हाणीघर खाली की वर? ‘आणि घर गरम असतं ना, राजा?’

‘भाजून निघाल!’ मी म्हणालो.

तिनं खूण केली. थेल्मानं माझ्याकडे पाहिलं. बेव्हनं तिला सांगितलं असणार. गुरुवारी सोडायचं म्हणतात.

शनिवार, २८ जानेवारी

तीन ठिकाणचे भाव घेतल्याशिवाय मी रद्दीसुद्धा देत नाही.

पहिला, लॉरेनचा: तीन हजार एकशे ऐंशी. बॉयलर, भिंतीतून बाहेर जाणारं नवं धुराडं, जुन्या पाइपांतला गाळ धुणं, खोलीतलं तापमानाचं बटण, दोन दिवसांची मजुरी. सगळं एका कागदावर, हातानं लिहिलेलं.

दुसरा – मोठ्या कंपनीचा विक्रेता, टोकदार बूट. चार हजार सहाशे. ‘आज सही केलीत तर चार हजार दोनशे.’ विचार करतो म्हटलं. तो गाडीत जाऊन बसला, फोन लावला, काच उघडी. माझे कान या वयातही बरे आहेत. दिवाणखान्यातून मला शब्दन्‌शब्द ऐकू आला: ‘म्हातारा आहे, बायको आजारी, घायकुतीला आलाय. कमी नका करू, पूर्ण भावात जाईल.’

बाहेर गेलो. काचेवर टकटक केली. ‘म्हाताऱ्यानं विचार केला,’ म्हटलं. ‘निघा.’

मजा आली. पाच मिनिटं. मग आत आलो तर घर होतं तसंच गार.

तिसरा पबमधला एक. सोळाशे, रोख, कागदबिगद काही नाही. गॅसच्या कामाचा परवाना आहे का विचारलं तर म्हणाला, भावाकडे आहे! सोळाशे ऐकून माझा जीव पाघळला, खोटं कशाला लिहू. मग तिची खुर्ची आठवली. नको.

सोमवार, ३० जानेवारी

‘घायकुतीला आलाय’ हे डोक्यातून जात नाही. त्या टोकदार बुटाला दिसलं, तसं लॉरेनलाही दिसत असेल?

तिला बोलावलं. दोन हजार चारशे पन्नास, म्हटलं.

‘मिस्टर बॅराक्लफ, माल मलाच दीड हजाराला पडतो. त्यात माझा मदतनीस, दोन दिवस –’

दोन हजार चारशे पन्नास.

‘मी आकडा फुगवून सांगतच नाही. मग उतरवू कुठून?’

सगळे हेच म्हणतात. मीही म्हणायचो! बाजारात हातगाडीवर उरलेले तुकडे विकत होतो तेव्हापासून. समोरचा दाराकडे वळला की मग खरा भाव निघतो. मी दार उघडून धरलं. ती गेली.

थांबलो. गाडी सुरू झाली. वळणावर दिसेनाशी झाली.

मंगळवार, ३१ जानेवारी

सकाळी परिचारिका म्हणाली, गुरुवार पक्का, कपडे घेऊन या. आणि मला बोलावंच लागलं. घरात बॉयलर नाही. रेडिएटर गार आहेत. गेला आठवडाभर.

ती ‘राजा’ म्हणाली नाही. ‘शुक्रवारी तर भाजून निघणार होतो, मिस्टर बॅराक्लफ.’

अशा फुप्फुसांनी गार घरात पाठवता येत नाही. आणि खाट कायम अडवून ठेवता येत नाही. सोमवारपर्यंत सोय झाली नाही तर टॉडमर्डनला एका शुश्रूषागृहात जागा आहे, तात्पुरती. माझ्या आईलाही असंच तात्पुरतं ठेवलं होतं. ती परत आली नाही.

बेव्ह म्हणाली, माझ्याकडे आण. तिच्याकडे तीन मजले, न्हाणीघर सगळ्यात वर. थेल्माला दहा पावलंही जमत नाहीत.

मग गाडीपाशी तोंड सुटलं तिचं. ‘बाबा, तुझ्याकडे पैसे आहेत. आहेत ना?’

आहेत.

‘मग आईला घरी आणायला सातशे तीस पौंड जास्त आहेत का रे तुला?’

प्रश्न पैशांचा नाही, म्हटलं. प्रश्न आपल्याला कुणी गाढव समजण्याचा आहे.

‘मी समजते,’ ती म्हणाली, आणि दार आपटून गेली.

बुधवार, १ फेब्रुवारी

घरात सात अंश. लॉरेनचा नंबर तीनदा काढला. लावला नाही.

इस्पितळात थेल्मानं विचारलं, ‘जेवलास का?’ हो म्हटलं. ‘हात गार आहेत तुझे.’ बाहेर थंडी आहे, म्हटलं. माझे हात ती पांघरुणाखाली घेऊन बसली. आजारी कोण आहे!

उद्या फोन करीन. एकतीसशे ऐंशी तर एकतीसशे ऐंशी.

गुरुवार, २ फेब्रुवारी

जिंकलो!!

साडेअकराला, मी फोन करायच्या आत लॉरेन स्वतः दारात. ‘भिंतीचं एक माप राहिलं होतं.’ माप कसलं! वळणावरून परत आली, तीन दिवसांनी का होईना. माझ्या लगेच लक्षात आलं, नि एकतीसशे ऐंशी जिभेवर आले होते ते गिळले.

‘दोन हजार चारशे पन्नास,’ म्हटलं. आवाज स्थिर होता.

ती माझ्याकडे बघत राहिली. ‘एक फोन करून येते.’ गाडीत जाऊन बसली, या खेपेला काच वर. बोलणं ऐकू आलं नाही, पण मान हलताना दिसत होती – हो, हो, मग हसली. घाऊक दुकानदाराला पिळत असणार. परत आली. ‘ठीक. दोन हजार चारशे पन्नास तुमचे. सोमवारी आठला येते.’

हात मिळवला. लगेच बेव्हला फोन – सातशे तीस पौंड, म्हटलं, तीन दिवस कळ काढली त्याचे! सेल्विन बॅराक्लफनं आजवर सांगितलेली किंमत कधी दिलेली नाही आणि त्र्याहत्तराव्या वर्षीही देत नाही. ती म्हणाली, ‘शाब्बास, बाबा.’ अगदी सपाट आवाजात. पटकन कौतुक करणारी नाहीच ती, आजीवर गेली आहे.

दुपारी थेल्माला सांगितलं. तिला बोलताना अजून धाप लागते. ‘दोन... चारशे पन्नास?’ आणि हसली. कितीतरी दिवसांनी.

परिचारिकेनं नवी तारीख लिहिली. बुधवार, आठ.

सोमवार, ६ फेब्रुवारी

आठच्या ठोक्याला आले, लॉरेन आणि मदतनीस. जुना बॉयलर उचलायला दोघं लागली. मागची भिंत माणसाच्या आकाराएवढी काळी. मी पाहिलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

पाइपांतून निघालेलं पाणी शाईसारखं. तीन तास.

चार वाजता लॉरेन म्हणाली, एक सांधा गळतोय, उद्या संध्याकाळपर्यंत लागेल. परवा थेल्मा यायची आहे! विचारलं, नक्की ना? ‘मिसेस बॅराक्लफ परवा इथे चहा पितील,’ ती म्हणाली. ‘तुम्ही फक्त पायात येऊ नका.’

मंगळवार, ७ फेब्रुवारी

सव्वापाचला पेटला. आवाजच नाही. मी रेडिएटरवर हात ठेवून उभा राहिलो, चटका बसेपर्यंत.

पैसे दिले. लॉरेननं विषारी वायू ओळखणारं यंत्र छताला लावलं – काही जमलं तर भोंगा वाजेल. त्याचे किती, विचारलं. ‘त्यातच धरलंय.’ भली बाई. या भावात काय सुटलं असेल तिला!

बुधवार, ८ फेब्रुवारी

आली. दारातून खुर्चीपर्यंत चौदा पावलं, मध्ये दोनदा थांबून. बसली. थोड्या वेळानं स्वेटरची बटणं काढली, मग स्वेटरच काढला. ‘उकडतंय, सेल्विन.’

मी स्वेटर घडी करून ठेवला.

चहा केला. ती छताकडे, नव्या पांढऱ्या डब्याकडे, भिंतीतल्या धुराड्याकडे बघून म्हणाली, ‘छान काम केलंय. आणि स्वस्तात.’ मी पुन्हा सगळी हकीकत सांगितली, दार उघडून धरलं तिथपासून. शेवटपर्यंत ऐकलं तिनं.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

डोकं दुखतंय का, विचारलं. नाही. पुन्हा विचारलं. ‘दर तासाला विचारणार आहेस का?’ हो, म्हटलं.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

टपालात लॉरेनचं पाकीट. वर ‘सौ. टी. बॅराक्लफ’. हमीपत्र असणार म्हणून मीच फोडलं, थेल्मा झोपली होती. हमीपत्रच आहे, दहा वर्षांचं. खाली पावती टाचलेली.

२ फेब्रुवारी, सकाळी ११.४०. सौ. टी. बॅराक्लफ, फोनवरून, कार्डानं – ७३०.

७ फेब्रुवारी. श्री. एस. बॅराक्लफ – २,४५०.

एकूण ३,१८०. किंमत पूर्ण मिळाली.