गुरुवारचं पाणी

अर्दबील, आबान महिन्याची दहा तारीख

आईच्या मागे माझ्या डोक्यावर उरलेली सावली, खाला नुसरत,

तुझ्या दोन्ही हातांचे मुके घेऊन भाचा नेमत सलाम लिहितो. तुझे गुडघे कसे आहेत? गच्चीवर चढतेस की अजून खालूनच कबुतरांना शिव्या देतेस? बाबांच्या डोळ्यांत थेंब वेळेवर पडतात ना? मी बरा आहे. कान सोडले तर सगळं जागेवर आहे (कानही आहेत, पण थंडी सुरू झाल्यापासून ते दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे वाटतात).

आधी एक सांगतो. हे पत्र बाबांना वाचून दाखवू नकोस. त्यांच्यासाठी पाकिटात वेगळा कागद ठेवलाय, त्यात मी मजेत आहे आणि पोटभर जेवतो असं चार वेळा लिहिलंय. तो मोठ्याने वाच. फोनवर हे सांगता आलं असतं, पण तू फोन चटईवर ठेवून मोठा आवाज लावतेस आणि बाबा शेजारीच बसलेले असतात. पाचवीत शाळा सोडलेल्या माणसाला पत्र लिहायला लागणं म्हणजे काय ते तुला कळेल, तू तर साठाव्या वर्षी अक्षरं शिकलीस. दोघांचं मिळून एक शिक्षण झालं असं धर आणि चुका पोटात घाल.

तू म्हणालीस, आईच्या वर्षाला दोन महिने उरलेत आणि मी तिचा गुलाब घेऊन येणार म्हणून बाबांनी कबरीपाशी आताच खड्डा खणून घेतलाय. दोनदा वाऱ्याने तो मातीने भरला आणि दोन्ही वेळा त्यांनी तो साफ करवला, हेही सांगितलंस. त्या गुलाबाविषयीच लिहायचं आहे. पण ते एकदम लिहिता येत नाही, म्हणून आधी बाकीचं लिहितो.

मी एका जागी टिकणारा नाही हे आपल्या सगळ्या देझफूल गावाला माहीत आहे. वीटभट्टी झाली, कोळंबीची होडी झाली, टायरचं दुकान झालं (त्या दुकानात चारच दिवस होतो, तू म्हणतेस तसा महिनाभर नाही). इथे रोपवाटिकेत येऊन मात्र अठरा महिने झाले. मालक महिन्यातून एकदा येतो. बाकी राज्य उस्ता ऐवाज नावाच्या म्हाताऱ्याचं. तो झाडांशी गोड बोलतो आणि माणसांशी उरलेलं बोलतो. मला पाहिल्याबरोबर म्हणाला, "दक्षिणेतला दिसतोस. तुमच्याकडे झाडं लावावी लागत नाहीत, थुंकलं तरी उगवतं. इथे प्रत्येक पान मागून घ्यावं लागतं, बाळा."

मला वाटलं, म्हातारा मोठेपणा सांगतोय. मग पहिली थंडी आली. खाला, आपल्याकडे रस्त्याच्या मधोमध धूळ खात उभी असते ना ती कण्हेर, जिला बकरीसुद्धा तोंड लावत नाही, ती इथे तेलाच्या डब्यात असते. दोन माणसं ती उचलून तळघरात नेतात आणि तिसरा दार धरून "सांभाळून, सांभाळून" म्हणतो. आजारी सासूला कुणी असं नेणार नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात माणसं तळघरात उतरतात, इथे थंडीत झाडं उतरतात. मी हसलो. उस्ता म्हणाला, "हस. बहमन महिन्यात बघू कोण हसतं."

बहमनमध्ये एक दिवस असं लख्ख ऊन पडलं की मला घर आठवलं. आपल्याकडे थंडीतलं ऊन म्हणजे अंगणात चटई टाकून संत्री सोलायचं ऊन. उस्ता दाढ काढायला गेला होता. मला तळघरातल्या जिरेनियमची दया आली. बिचाऱ्यांनी तीन महिने सूर्य पाहिला नव्हता. चाळीसच्या चाळीस कुंड्या मी वर आणून भिंतीला ओळीने लावल्या आणि शेजारी बसून चहा प्यायलो. चहा संपेपर्यंत त्यांचा शिजवलेला पालक झाला. ऊन असूनही गरम नसतं ही गोष्ट मला कुणी कधी सांगितलीच नव्हती. उस्ता गालाला फडकं बांधून परत आला, पालक पाहिला, आणि दाढेमुळे त्याला ओरडता येईना. ती एक गोष्ट देवाने माझ्यासाठी केली. दुसऱ्या दिवशी सूज उतरल्यावर त्याने आदल्या दिवसाचंही भरून काढलं.

आता गुलाब.

निघताना आईने काडी ओल्या फडक्यात गुंडाळून दिली होती ते तू पाहिलंस. अंगणातल्या मोठ्या झाडाचं काय झालं तेही तुला ठाऊक आहे. आई अंथरुणाला खिळली त्या उन्हाळ्यात घरातलं सगळं पाणी तिच्याकडे जात होतं, त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. म्हणजे उरला तो माझ्याकडचाच. उस्ताने काडी हुंगली, डोळे मिटले आणि म्हणाला, "ही इथे नुसती मुळावर जगायची नाही. आमच्या रानगुलाबाच्या खुंटावर हिचा डोळा भरू. खालचं अंग आमचं, वरचं तुमचं." तसा भरला. तो फुटला, वाढला, शेवटी दोन फुलंही आली. त्यांचा वास सगळ्या वाटिकेत फिरला. गिऱ्हाइकं विचारायला लागली. उस्ता सांगायचा, "विकायचा नाही. ह्याच्या आईचा आहे."

थंडीआधी आम्ही गुलाब निजवतो. फांद्या वाकवायच्या, बुडाशी मातीची भर घालायची, वर पालापाचोळा, त्यावर गोणपाट. प्रत्येक गुलाबाचा एक उंचवटा होतो. उस्ताने तेव्हाच बजावलं होतं, "निजवल्यावर नवरोजपर्यंत थेंबभर पाणी नाही. तहान लागली असं वाटलं तर स्वतः पी."

मग आई गेली. कळलं त्याच दिवशी तिथे माती झाली होती. सातव्याला तरी पोचावं म्हणून मी बसमध्ये बसलो, घाट बर्फाने बंद, दोन दिवस घाटाखालच्या चहाच्या टपरीत काढले आणि त्याच बसने परत आलो. हे तुला माहीत आहे. त्यानंतर मी काय केलं ते माहीत नाही.

तुम्ही सगळे गुरुवारी कबरीवर जाता, दगड पाण्याने धुता, फातेहा म्हणता. माझ्यापाशी कबर नव्हती. माझ्यापाशी भिंतीकडेचा तो उंचवटा होता. आणि खरं सांगू, तो दिसायलाही तसाच होता. मला सुचलं की इथेच पाणी घालावं. दर गुरुवारी उस्ता जेवायला गेला की मी किटली घेऊन जायचो. पाणी कोमट करून न्यायचो, कारण ती थंडीला किती भ्यायची ते तुला माहीत आहे, आपल्या देझफूलच्या थंडीतही पायमोजे घालायची. शेजारपाजारच्यांना वाटायला हलवाही केला. करपला. वडी कापायला कुऱ्हाड लागली असती, तरी सगळ्यांनी खाल्ला आणि कुणी काही बोललं नाही. इथली माणसं वाईट नाहीत.

नवरोजनंतर गुलाब उघडायला घेतले. बाकीचे सगळे ठीक निघाले. आईच्या गुलाबाची माती निघेना. आत बर्फाचा गोळा होता, अकरा गुरुवारांचा. तो वितळल्यावर फांद्या दिसल्या, काळ्या, साल फाटलेल्या. उस्ताने नख लावून पाहिलं. वर लावलं, खाली लावलं, आणखी खाली लावलं. मग त्याने मला विचारलं, "पाणी घातलंस?" मी म्हणालो, "गुरुवारी." जिरेनियमच्या वेळी तो किती बोलला होता. या वेळी नुसती टोपी काढून तिथेच मातीत बसला आणि त्याने फातेहा म्हटली, त्यांच्या इकडच्या उच्चारात.

गुलाब मेला, खाला. उन्हाळ्यात सुट्टी मिळत नाही असं मी तुम्हाला सांगितलं. मिळत होती.

लहानांना माझे पापे, मोठ्यांना सलाम. कबुतरांनाही सांग, नेमत विचारत होता.

तुझा
नेमत

ता. क. सगळंच मेलं असं नाही. मुळं जगली. नवरोजनंतर दोनेक महिन्यांनी बुडातून एक कोंब फुटला आणि मी वाटिकाभर नाचलो. उस्ताने पानं मोजली, काटे पाहिले आणि म्हणाला, "हा आमचा आहे, बाळा. खालचं अंग. तुझं वरचं गेलं." रानगुलाब आहे. फूल पांढरं, पाच पाकळ्यांचं, वास असून नसल्यासारखा. तुमच्या उन्हात फुलेल की नाही हेही देवाला ठाऊक. पण आईची काडी याच मुळांवर जगली होती, म्हणून मी याला डब्यात लावलाय आणि वर्षाला घेऊन येतोय. खड्डा रिकामा राहणार नाही.

ता. क. दुसरा. वर लिहिलंय की पाणी घालायचं मला सुचलं. ते खोटं आहे. बाबांनी सांगितलं होतं. चाळिसाव्याला येऊ का म्हणून मी फोन केला, तर म्हणाले, "नको येऊस, रस्ते वाईट आहेत, नोकरी जाईल. तिचा गुलाब आहे ना तुझ्याजवळ? दर गुरुवारी त्यालाच पाणी घाल, तिला पोचेल." तू तेव्हा स्वयंपाकघरात असशील. त्यांना इथली थंडी काय ठाऊक? मला उस्ताने बजावलं होतं, मला ठाऊक होतं, तरी मी घातलं, कारण बाबांच्या तोंडून ते इतकं बरं वाटलं होतं. आता मेला म्हणून सांगितलं तर कशाने मेला हे ते विचारतील. तेवढ्यासाठीच हे पत्र आहे. तू म्हण, हाच तो. पांढरा का असं कुणी विचारलं तर म्हण, थंडीने रंग उतरला. बाबांना रंग दिसणार नाही. वासाचं काय ते मला सुचत नव्हतं. काल सुचलं. त्या दिवशी कबरीवर सगळेच गुलाबपाणी शिंपडतात. तू एक बाटली जास्त आण आणि ते जवळ वाकले की झाडावर शिंपड.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात बाबांचा फोन आला. विचारत होते, गुरुवारचं पाणी अजून घालतोस ना. मी हो म्हणालो. खोटं नाही ते. दर गुरुवारी अजूनही किटली घेऊन जातो, पाणी कोमटच नेतो. फक्त डब्यापासून दोन हात लांब, भिंतीशी ओततो. तिथे काही लावलेलं नाही.