दिवसाच्या जागी महिना

३ जून
धुळ्याला आले. देवपुरात कुंदाअक्कांच्या घरी वरची खोली मिळाली. अक्का एकट्याच राहतात, शिवणकाम करतात. जामनेरहून आणलेली बॅग उतरवायच्या आतच त्यांनी कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला. भाडं नंतर ठरवू म्हणाल्या, आधी जेव.
काम एका खासगी दवाखान्यात, कॉम्प्युटरचं. तिथली रुग्णनोंदीची वेबसाइट फार जुनी आहे. बनवणारा माणूस केव्हाच पुण्याला गेला. तारीख हातानं टाइप करावी लागते, आणि सिस्टर नाजमीन म्हणते की घाईत हमखास चुकते. मला हसू आलं. एवढंच ना?

१५ जून
जुन्या पानात नवं तयार कॅलेंडर बसवलं. आता तारखेवर बोट ठेवलं की झालं. २५ आणि २८ तारीख टाकून पाहिली, नोंद बरोबर, रुग्णाला त्या दिवशी जायचा मेसेजही बरोबर लागला. नाजमीन खूश. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, पेढे मागवले. त्या भरात मीच सुचवलं की पुढच्या इंजेक्शनची तारीख लिहिलेली कागदी कार्डं आता बंद करू, मेसेज जातोच. त्यांनी लगेच होकार दिला. घरी फोन करून आईला सगळं दोनदा सांगितलं.

७ जुलै
गल्लीतल्या पिल्लाला भाकरी टाकताना दुसरं कुत्रं अक्कांच्या हाताला चावलं. मनगटातून रक्त आलं. साबणानं हात धुऊन मीच त्यांना आमच्या दवाखान्यात नेलं. पहिलं इंजेक्शन झालं. जखमेत द्यायचं रेबीजचं सीरम संपलं होतं, पुढच्या वेळी देऊ म्हणाले. नाजमीन पुढची तारीख टाकत होती तेव्हा मी रिक्षा बघायला बाहेर गेले. येताना अक्कांनी विचारलं, कार्ड नाही दिलं का? मी ऐटीत सांगितलं की आता मोबाइलवर कळतं, मीच केलंय ते.

१४ जुलै
अक्कांनी जिन्यातून हाक मारली. "पोरी, मेसेज नही उना वं. मी जाईसन येऊ का?"
मी मैत्रिणीशी फोनवर बोलत होते. म्हटलं, नाही आला म्हणजे तारीख आली नसेल. कॉम्प्युटर विसरत नाही, अक्का. त्या बरं म्हणून खाली गेल्या.

३ ऑगस्ट
आज साक्रीकडचा एक माणूस मेसेजची वाट बघून आपणच आला. नाजमीननं मला बोलावलं. मी नोंदी उघडल्या.
कॅलेंडर आधी दिवस पाठवतं, मग महिना. जुनी वेबसाइट पहिला आकडा महिना समजते. बारापर्यंतच्या प्रत्येक तारखेत दिवसाच्या जागी महिना गेला आहे. बाराच्या पुढे महिनाच नसतो, म्हणून तिथं बरोबर. मी तपासल्या त्या तारखा २५ आणि २८.
अक्कांची तारीख होती १० जुलै. नोंदीत ७ ऑक्टोबर.
दुरुस्ती लगेच झाली. नाजमीनला सांगितलं की मेसेज पाठवणाऱ्या कंपनीचा घोळ होता. तिनं विश्वास ठेवला. हे लिहितानाही कान तापले आहेत.
बाकीच्यांना फोन करायला हवेत. केले तर सगळं बाहेर येईल. उद्या करीन.

४ ऑगस्ट
अक्कांना नेलं. डॉक्टर रागावले, इतके दिवस कुठे होतात? मी शेजारीच उभी होते. तोंड उघडलं नाही. अक्का म्हणाल्या, "मनीच चूक शे, डॉक्टर. हाई पोर तर रोज सांगे."
खोटं. माझ्यासाठी खोटं बोलल्या. म्हणजे त्यांना कळलं आहे.
रिक्षात बसल्यावर त्यांनी सांगितलं की मनगटाला दोन दिवसांपासून मुंग्या येतात.

६ ऑगस्ट
ताप. शिवणकाम बाजूला पडलं आहे. मी चहा नेला, त्यांनी घेतला नाही. पंखा लावला तर मानेला झटका बसला. बंद कर म्हणाल्या. बंद केला. मी खोलीत येऊन दार लावून घेतलं — रडायला नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर थांबवेना.
फोन अजून केले नाहीत.

७ ऑगस्ट
सकाळी पाण्याचा तांब्या नेला. अक्कांनी हात पुढे केला, मग घसा असा आवळला की — आवाज त्यांचा नव्हता. तांब्या माझ्या हातातून पडला. त्या भिंतीला चिकटून बसल्या. ओठांवर लाळ. जरा शांत झाल्यावर मलाच म्हणाल्या, भिऊ नको.
मला म्हणाल्या.

८ ऑगस्ट
सरकारी दवाखान्यात. अंधारी खोली. तिथल्या डॉक्टरांनी मान हलवली. शुद्धीत आहेत, हेच —
माझं नाव घेऊन हाक मारतात. मी दाराशीच.

९ ऑगस्ट
अक्का गेल्या.
घाटावरून सरळ डॉक्टरांकडे गेले. सगळं सांगितलं. कॅलेंडर, तारखा, गप्प राहिले ते. ते ओरडले नाहीत. ओरडायला हवं होतं. फोन माझ्यापुढे सरकवला, म्हणाले, एकेकाला लाव, आत्ता, मी इथेच बसतो.
समोर नावांची रांग. ती बघवत नाही, म्हणून रिंग वाजतेय तोवर हे लिहितेय.
पहिला वना, शिरपूरजवळचा. बायकोनं उचलला. मी विचारलं, कसे आहेत? म्हणाली, बरे आहेत, नुसती कणकण. फक्त कालपासून पाण्याचा माठ घराबाहेर ठेवायला लावलाय, आणि —