चंद्रभामेचा तिसरा अंक

११ सप्टेंबर ७२
तिसरा अंक संपला. ‘चंद्रभामा’ बसली एकदाची नाटकात. शाळेतून आल्या आल्या टेबलाशी बसलो तो दिवेलागणीलाच उठलो. शेवटचा प्रवेश मूळ कादंबरीतलाच, शब्दाला शब्द. बालविधवा चंद्रभामा घरच्यांच्या बोलण्याला कंटाळून पहाटे प्रवरेत उतरते. काठावर ओली पावलं. पडदा.
मोठ्यानं वाचून बघत होतो, मालती चहा घेऊन आली ती तशीच ऐकत उभी राहिली. डोळे पुसून म्हणाली, “हे चालणार हो.” चहा गार. माझ्या प्रत्येक रूपांतराची पहिली श्रोती आमची बायकोच.
नळाला आजही पाणी नाही.

१४ सप्टेंबर
बापूच्या फोटो स्टुडिओत वाचन. माझी सगळी नाटकं तोच बसवत आलाय. वाचन संपल्यावर पाठ थोपटली. मग म्हणाला, पुण्याचे निर्माते नाट्यस्पर्धेतला प्रयोग बघायला येणार आहेत. आवडलं तर धंदेवाईक रंगभूमीवर घेतील. “आता तरी नगरच्या बाहेर पडशील, विनू.”
बरं वाटलं. लपवत नाही. इतकी वर्षं जुन्या कादंबऱ्या कापून नाटकं करतोय. परीक्षणात ठरलेलं वाक्य, यांची कात्री चांगली चालते. मराठीचा मास्तर आणि कात्रीवाला. स्वतःचं असं एक पान नाही. असो.
परवानगी उन्हाळ्यातच मिळालीय. राहात्याचे अनंतराव वकील, लेखकाचे चिरंजीव. लेखक जाऊन बरीच वर्षं झाली. अट एकच, शेवट बदलायचा नाही. तेव्हा हसलो होतो. मी कुणाचा शेवट कधी बदललाय?

२० सप्टेंबर
विचित्र प्रकार.
चंद्रभामेचं काम करुणा करते. मिशनच्या हॉस्पिटलात नर्स आहे. दुपारी वॉर्डात काम नसलं की हलक्या आवाजात भाषणं घोकते. आज तालमीला आली ती अस्वस्थ. म्हणाली, “सर, माझ्या वॉर्डात एक म्हातारी आहे, अकोले तालुक्यातली, डोंगराकडची. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. मी शेवटचं भाषण म्हणत होते तर मधेच बोलली, कुनाचं बोलतीस गं पोरी? मी म्हटलं, नाटकातलं, प्रवरेत जीव देते तिचं. तर म्हणाली, न्हाई मेली ती.”
बापू म्हणाला, पट्टीमुळं म्हाताऱ्या माणसांना भ्रम होतो.
करुणा म्हणाली, “भ्रम नाही. पुढची चार वाक्यं तिनं मला सांगितली. जुन्या बामणी बोलीत.”

२१ सप्टेंबर
शाळा सुटल्यावर हॉस्पिटलात गेलो. चंदाबाई. सत्तरीच्या पुढची, काटकुळी, उताणी पडलेली, डोकं हलवायचं नाही असा डॉक्टरांचा हुकूम. आवाजाच्या दिशेनं हात पुढं केला. मी नाव सांगितलं, नाटक लिहितो म्हटलं.
“म्हंजी दादानं लिवलं त्येच ना?”
लेखक तिचा चुलतभाऊ. अक्षरं त्यानंच शिकवली तिला, चोरून.
मधे मधे बोली बदलते तिची. दादाचं बोलणं सांगायला लागली की पन्नास वर्षांपूर्वीचं घर तोंडात येतं, आणि स्वतःचं सांगायला लागली की डोंगर. नवव्या वर्षी विधवा. अठराव्या वर्षी, डोंगरातून बाजाराला तांदूळ घेऊन येणारा एक माणूस होता, त्याच्याबरोबर निघून गेली. “कुनी पळवली न्हाई. मी माज्या पायानं गेल्ते.” घरच्यांनी सांगितलं, नदीत जीव दिला. तेरावंसुद्धा घातलं.
“दादाला माहीत होतं?” मी विचारलं.
“त्योच आल्ता हुडकत. म्हनला, घरी आलीस तर तुझी आई विष घेईल. कधी येऊ नकोस.”
पुढं तिला खोकला आला. करुणानं मला उठवलं.

२३ सप्टेंबर
पुन्हा गेलो. राहवेना.
कादंबरी छापून आल्यावर दादा डोंगरात गेला होता. पुस्तक आणि लुगडं घेऊन. तिच्या ओसरीवर बसून म्हणाला, “चंद्रे, तुला अमर केलंय मी.” हिनं विचारलं, “मारून?” तो रडला. पुन्हा कधी आला नाही.
आणि हे. हे सांगताना ती उलट शांत होती. तिची आई दर वर्षी, लेक ‘बुडाली’ त्या तिथीला, नदीवर यायची. खण, नारळ, तांदूळ पाण्यात सोडायची. लेकीची ओटी. ही पलीकडच्या काठाला बाभळींच्या आड उभी राहून बघायची. आई म्हातारी झाली, मग कुणाचा तरी हात धरून यायला लागली, मग आली नाही.
“हाक मारावी वाटली नाही?”
“लई वाटायचं. पर तिनं ईख घेतलं असतं तर?”
दादा खरं बोलला होता का, आई खरंच विष घेणार होती का, हे तिला आजही माहीत नाही.
निघताना माझा हात घट्ट धरला. “मास्तर, बाकी काय बी लिवा. मला नदीत घालू नका.”
सायकल हातात धरून चालत घरी आलो. मालतीला सांगितलं. दोघंही जेवलो नाही नीट.

२६ सप्टेंबर
बापूशी कडाक्याचं भांडण. “तुझं डोकं फिरलंय. सगळा महाराष्ट्र त्या शेवटाला रडलाय. निर्माते त्यासाठीच येतायत. एका म्हातारीच्या सांगण्यावरनं?”
म्हटलं, ती म्हातारी म्हणजेच चंद्रभामा.
“ती कादंबरीतली नाही. कादंबरीतली मेली.”
त्याचं चूक आहे असंही म्हणवत नाही. शब्दाला शब्द जपायचा, हे त्याला मीच शिकवलं. करुणा तिकडं कोपऱ्यात हातातलं बाड गुंडाळत, उलगडत बसली होती. एवढंच म्हणाली, “मला आता ते पाण्यात उतरणं जमत नाही, सर. तिची पट्टी मी बदलते रोज.”

१ ऑक्टोबर, रविवार
राहात्याला गेलो, एस्टीनं. अनंतरावांच्या अंगणात पेरूच्या पाट्या भरून ठेवलेल्या. पाऊस नसल्यानं फळ बारीक. वडिलांचा मोठा फोटो, हार ताजा. कसं सांगावं याची वाटेत केलेली सगळी तयारी वाया. सरळ सांगून टाकलं.
अडकित्त्याशी चाळा करत ऐकत होते. मग म्हणाले, “मास्तर, वडील दर वर्षी तिचं श्राद्ध करत. मी त्या पंगतीला जेवलोय.”
“त्यांना माहीत होतं.”
“काय माहीत होतं?”
“त्या जिवंत आहेत ते.”
उठले, खिडकीशी गेले. पाठ माझ्याकडं. “लोक लांबून येतात अजून. या ओट्यावर बसून रडतात त्या पुस्तकासाठी. आणि तुम्ही म्हणता, ते सगळं...” 
“गावाचं नाव सांगू?”
“नको.” हे मात्र लगेच. “शेवट आहे तसा राहील. नाहीतर परवानगी नाही असं समजा.”
तरी दारापर्यंत पोचवायला आले. पेरूंची पिशवी दिली.  वाईट माणूस नाही हा. मी त्याच्या बापाचं काहीतरी घेऊन निघालो होतो आणि तो मला पेरू देत होता.

५ ऑक्टोबर
चंदाबाईची पट्टी काढली. आज सून घेऊन गेली तिला. मला शाळेमुळं पोचायला उशीर. गाठ नाही. करुणा म्हणाली, डोळे उघडल्यावर आधी स्वतःचे हात बघितले, मग हिचं तोंड. म्हणाली, “तू व्हय चंद्रभामा? बरी हाईस की.”
काहीही कळवलं नाही मी तिला, ना हो ना नाही.

१५ ऑक्टोबर
रोज बसतो, कागद कोरा. दुसऱ्याचं कापताना हात कधी अडला नाही. आज दुपारी मालती माहेरून आणलेली जुनी साडी वाळत घालत होती, तिच्या आईची. दोरीशी थांबली जरा. आत येऊन लिहायला घेतलं.
चंद्रभामा पैलतीरावर उभी. ऐलतीरावर आई ओटी सोडते. मधे नदी. हाक नाही. दोघी एकाच पाण्याकडं बघतात. बस.
दोनच पानं. ही कुणाची कापलेली नाहीत.

१८ ऑक्टोबर
बापूनं पानं वाचली, टेबलावर ठेवली. “विनू, हे पडणार.” थोड्या वेळानं, “केसही होणार.” आणखी थोड्या वेळानं, “आईच्या कामाला कोण घ्यायचं?”
अनंतरावांना नवा शेवट पोस्टानं पाठवला. चोरून करायचं नाही. प्रयोगाची तारीखही कळवली.

१० नोव्हेंबर
दिवाळीच्या सुट्टीत अकोल्याला गेलो. तिला वाचून दाखवायचं होतं. राजूरपर्यंत एस्टी, पुढं जीप, मग पायी. भात यंदा गुडघ्याइतकंच. खळ्यावर तिची सून झोडणी करत होती. मला बघून पेंढी खाली ठेवली.
“तुमी नगरचं मास्तर ना? उशीर क्येला.”
ताप आला आणि दोन दिवसांत गेली. दसऱ्याच्या चार दिवस आधी. म्हणजे मी ती दोन पानं लिहीत होतो तेव्हा ती नव्हतीच.
खळ्याच्या कडेला बसलो. सुनेनं पाणी आणून दिलं. “दिसत हुतं आत्याबाईंला. लई खूश हुत्या. नातीचं त्वांड धरून बगत बसायच्या.” मग विचारलं, “काय वाचाया आनलं हुतं?”
वाचलं. तिलाच. पेंढ्यांवर हात ठेवून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “आमाला कवाच न्हाई बोलल्या हे. वरसातनं एकदा एकल्याच परवरंला जायच्या. कुनाला संगं येऊ देत नव्हत्या. आमी म्हनायचो, काय नवस आसंल.”
म्हणजे आई गेल्यावरही जात होती.
परतीच्या गाडीत खिडकीशी बसून फार रडलो. शेजारच्या माणसानं तंबाखू पुढं केली, दुसरं काय करणार बिचारा.

१२ नोव्हेंबर
करुणाला सांगितलं. ती तालमीतून उठून बाहेर गेली. परत आली, तोंड धुतलेलं. म्हणाली, “पुढचा प्रवेश घेऊ.”
अनंतरावांचं उत्तर नाही. नोटीसही नाही.

२४ नोव्हेंबर
प्रयोग झाला.
पहिले दोन अंक उत्तम. बायका पदर डोळ्यांना लावून तयार. तिसऱ्या अंकात त्या नदीची वाट बघत राहिल्या आणि नदी आलीच नाही, म्हणजे त्यांना हवी तशी. करुणा अशी उभी राहिली की मलाच ओळखू येईना. पडदा पडला तरी कुणी हलेना. मग थोड्या टाळ्या, तुटक. खुर्च्या सरकल्याचे आवाज. पुण्याचे निर्माते बापूला म्हणाले, “शेवट निसटला. लोकांना रडून मोकळं व्हायचं असतं.” चहाला थांबले नाहीत. बापू जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला.
आत रंगपटाच्या दाराशी अनंतराव उभे. एकटेच. मागच्या रांगेत बसले होते म्हणाले. मी म्हटलं, “तुमची परवानगी नव्हती. जे करायचं ते करा.”
त्यांचं त्याकडं लक्षच नव्हतं. “चुलतआजीला मी नदीवर घेऊन जायचो,” म्हणाले. “लहान होतो. ती हात धरायची माझा. पलीकडं बघायचो मी, पाणी किती खोल असेल म्हणून.”
मग माझ्याकडं वळले.
“गाव कुठलं आत्याचं?”
मी सांगितलं. राजूरच्या पुढं, गाडी वेशीपर्यंत जात नाही, शेवटचा अर्धा कोस चालावं लागेल. रस्ता नीट समजावून दिला. एवढंच.
“उद्याच जातो. पहाटे निघतो. लुगडं घेऊन जावं म्हणतो. घ्यावं ना?”
“घ्या,” म्हटलं.

२५ नोव्हेंबर
मालती सकाळपासून तेच विचारतेय. “अहो, सांगितलं का नाहीत?”
काय उत्तर देऊ? ती गेली म्हणालो असतो तर ते तिथूनच राहात्याला परत फिरले असते. फोटोला नवा हार घातला असता. तिकडं सून आहे, नात आहे. त्यांचंच रक्त आहे. घर तर आहे. हे मी आज म्हणतोय. काल रंगपटात त्यांच्या तोंडाकडं बघताना यातलं काही सुचलं नव्हतं. नुसतं सांगवलं नाही.
बापूचा निरोप, स्पर्धेचा निकाल लांबलाय. वाचला आणि ठेवून दिला.
जेवण झालं. बाहेर ऊन चढलंय. संगमनेर मागं पडलं असेल त्यांचं, राजूरही. गाडी ठेवून चढण चालत असतील, हातात लुगड्याचा पुडा. खळ्यावरून सून उठून पुढं आली असेल. कोन पायजे, विचारत असेल.