पाट्यांचा धडा

वेस्ट मांबलम, चेन्नई
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

चि. कीर्ती,

अनेक आशीर्वाद. तू आणि जावईबापू खुशाल असाल. इकडे सगळे बरे आहेत. माझा गुडघा त्याच्या मर्जीने दुखतो, मर्जीने थांबतो.

आज पहाटे एका आवाजाने जाग आली. वाईच्या शाळेत शेवटचा तास कवितेचा असे. अख्खा वर्ग एका सुरात म्हणायचा. शेवटची ओळ संपली तरी मागच्या बाकावरच्या कुणाचा तरी सूर तसाच लांबत राहायचा, बैल थांबल्यावरही त्याच्या गळ्यातलं घुंगरू हलावं तसा. गुरुजी म्हणायचे, "थांबा रे, त्याची कविता अजून संपली नाही." अगदी तोच सूर. डोळे उघडले तर मांबलम स्टेशनवरची तमिळ घोषणा, आणि समोरच्या पलंगावर आपल्या मंदारची नित्या, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली. इथे तिची आणि माझी खोली एकच, हे तुला ठाऊक आहेच.

हे सगळं आठवायला कारण आहे. नित्याच्या इतिहासाच्या बाईंना शाळेने घरी बसवलं आहे.

सीतालक्ष्मी मिस. मी तुला फोनवर सांगितलं होतं, तंजावरकडच्या मराठी आहेत. पालकसभेत माझी टोपी बघून आपणहून आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही वाईचे की? आमचे वाडवडील तिकडूनच आले म्हणतात." ते मराठी ऐकताना वाटलं, पणजीच्या ट्रंकेतलं लुगडं कुणीतरी अजून नेसतं आहे. चालीवर तमिळचा हेलकावा, मधूनच 'अस्की पोरं', म्हणजे सगळी पोरं. मी नंतर उगाचच दोनदा शाळेत जाऊन आलो, त्यांचं बोलणं ऐकायला.

नववीला जर्मनीचा धडा आहे. हिटलर, ज्यूंचा संहार. आमच्या वेळी त्या सगळ्या प्रकरणाला पुस्तकात चार ओळी होत्या, आणि आमच्या ड्रिलच्या मास्तरांना आम्ही हिटलर म्हणायचो, कौतुकाने. शिस्त म्हणजे हिटलर, एवढंच आम्हाला ठाऊक. नित्याने मला धडा वाचून दाखवला. साठ लाख माणसं. मी तिला म्हटलं, "एखादं शून्य जास्त पडलं असेल, नीट बघ." तिने पुस्तक माझ्यापुढे धरलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला हे नातीकडून कळावं. चष्मा पुसून मी पुन्हा वाचलं.

तर या बाईंनी मुलांना घरचा अभ्यास दिला. आपल्या रस्त्यावर 'घर भाड्याने देणे'च्या पाट्या बघायच्या, आणि कुणाला घर देणार नाही म्हणून लिहिलंय ते उतरवून आणायचं. वर्गात त्या म्हणाल्या, "हे आणि ते एकच, असं मी सांगत नाही. अजिबात नाही. पण तिथेसुद्धा छावण्या शेवटी आल्या, आधी पाट्या आल्या. पाटी वाचायला शिका, एवढंच." आमच्या मांबलममध्ये अशा पाट्या शोधायला लांब जावं लागत नाही. आपल्याच इमारतीच्या फाटकावर आहे, 'फक्त शाकाहारी कुटुंबास'.

कुणा पालकाने तक्रार केली. बाई आमच्या मुलांच्या मनात विष कालवतात, आम्हाला नाझी म्हणतात, वगैरे. शनिवारी अकराला चौकशी आहे. ज्यांना काही सांगायचं असेल त्यांनी यावं, असं शाळेने कळवलंय. शनिवारी काही वेगळं घडलं नाही तर बाईंची नोकरी जाईल.

कुणी केली असेल? माझा संशय दुसऱ्या मजल्यावरच्या राजगोपाल यांच्यावर आहे. आपल्या सोसायटीचे अध्यक्ष. पाटीचा विषय निघाला की त्यांना राग येतो. हल्ली मी जिन्यात दिसलो की बोलणं तोडतात, आणि कानाशी नेलेला हात झटकन खाली घेतात. फोनवर कुणाशी बोलत असतात ते मला कळू नये म्हणून. रविवारी शाळेच्या बाजूने येतानाही दिसले. चारुलतासुद्धा परवा गॅलरीत उभी राहून हळू आवाजात बोलत होती. सून म्हणून मी तिला कधी काही विचारलेलं नाही, पण हळू आवाज घरात शिरला की माणसाची झोप जाते.

मंदार कामात आहे. पहाटे ओरगडमच्या कारखान्याची बस पकडतो, अंधार पडल्यावर येतो. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं विशेष नाही.

प्रकृतीला जप.

तुझा,
बाबा


शनिवार, १५ नोव्हेंबर, सकाळी

चि. कीर्ती,

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, पत्र मिळालं. सगळ्यांबद्दल पानभर लिहिलंय आणि मंदारबद्दल दोन ओळी. काय लपवताय?" मी रेंज नसल्याचं सोंग केलं आणि फोन ठेवला. लहानपणीही तू अशीच होतीस, माझ्या पिशवीत खाऊ आहे की नाही हे माझ्या चालण्यावरून ओळखायचीस.

आता लिहितो. राजगोपाल यांचं आधी संपवतो. बुधवारी जिन्यात त्यांना सरळ विचारलं, की तुम्ही शाळेत काही कळवलंय का? ते म्हणाले, "काय?" मी मोठ्याने विचारलं. पुन्हा म्हणाले, "काय?" मग खिशातून एक डबी काढून कानात यंत्र बसवलं आणि ओशाळून म्हणाले, "सर, कोणाला सांगू नका. सून म्हणेल म्हातारा झाला." एवढंच होतं. कानयंत्र. ते शाळेच्या बाजूने येत होते कारण त्या रस्त्यावर कानाचा दवाखाना आहे. मी चार दिवस त्या माणसाच्या पावलांचा हिशेब मांडत बसलो होतो. आणि चारुलता हळू बोलत होती ती तिच्या आईशी. तिला नको असलेली एक साडी आईने घेऊन ठेवली आहे.

खरं म्हणजे या दोघांवर माझा संशय नव्हताच, कीर्ती. मला तो हवा होता.

तक्रार मी ऐकली होती. आधीच्या शनिवारी प्राचार्य बाईंनी पालकांपुढे ती वाचली, नाव न घेता. चारुलतेला काम होतं म्हणून तिच्याऐवजी मी गेलो होतो. त्यात लिहिलं होतं, "माझ्या मुलीने जेवताना, सगळ्यांसमोर मला विचारलं, की आपण त्या काळी जर्मनीत असतो तर आपण कोण झालो असतो? तेव्हापासून ती जेवत नाही, रात्री दचकून ओरडत उठते."

हा प्रश्न मी स्वतःच्या कानाने ऐकला होता. आपल्याच टेबलावर, सांबार वाढताना.

सांगतो कसं झालं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा आहे. मालक परदेशी, सोसायटीचा सचिव म्हणून किल्ली मंदारकडे. इम्तियाज नावाचा एक इंजिनिअर बघायला आला होता, आंबूरचा, मंदारच्याच कारखान्यातला, त्याच्याच हाताखालचा. मंदारने त्याला फ्लॅट दाखवला, वर बोलावून कॉफी पाजली. पोरगा फार मर्यादेने बोलला, मला वाकून नमस्कार केला. दोन दिवसांनी मंदारने त्याला सांगितलं, घर दुसऱ्याने घेतलं. मी ऐकलं होतं आणि पेपर वाचत राहिलो होतो.

त्या दिवशी जेवताना नित्या पाट्या उतरवलेला कागद घेऊन बसली. बापाला म्हणाली, "अप्पा, इम्तियाज अंकलना तुम्ही म्हणालात घर गेलं. भाड्याची पाटी अजून खाली आहे."

मंदार म्हणाला, "सोसायटीचा नियम आहे. मी एकटा काय करणार?"

"मिस म्हणाल्या, तिथेही सगळे हेच म्हणत होते."

"जेव आधी."

"जेवतेय की. पण सांगा ना, आपण त्या काळी जर्मनीत असतो तर कोण झालो असतो? ज्यूंना लपवणारे, की घर गेलं म्हणणारे?"

तिने अजिबात भांडून विचारलं नाही. ती गणितातली शंका विचारते तशी विचारत होती. चारुलतेने पळी खाली ठेवली. मंदारचा चेहरा मी पाहिला. तो दहावीत नापास झाला होता तेव्हाही असा झाला नव्हता. मग त्याने पापड मागितला, आणि विषय बदलला.

नित्या त्या दिवशी दोनदा भात घेऊन जेवली. रात्री नेहमीसारखी पालथी झोपली. आजही झोपली आहे तशीच. तिच्या पलंगापासून माझा पलंग हातभर अंतरावर. मी रात्री कितीदा उठतो हे सगळ्या घराला ठाऊक आहे. ती एकदाही ओरडलेली नाही. तक्रारीतली ती ओळ साफ खोटी आहे, आणि ते शपथेवर सांगू शकेल असा माणूस या जगात एकच आहे.

म्हणून त्या सभेपासून मी इतरांवर संशय घेत फिरत होतो. जिन्यात पाऊल वाजलं की कान द्यायचा, कुणी हळू बोललं की मनात टिपून ठेवायचं. नित्याच्या धड्यात असे शेजारी आहेत. मी वाचलं होतं, तरी ध्यानात आलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी मंदार लवकर आला. मी गॅलरीत बसलो होतो. तोही येऊन कठड्याला टेकला.

"शनिवारी शाळेत जाणार आहात म्हणे."

"कोण म्हणालं?"

"नित्या."

"जाणार आहे."

"काय सांगणार?"

"एवढंच, की पोरगी जेवते आणि झोपते."

खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती काही केल्या होत नव्हती. तो तिकडे बघत म्हणाला, "मग सगळ्यांना कळेल तक्रार कुठल्या घरातून गेली ते."

"मी तुझं नाव काढलेलं नाही, मंदार."

तो म्हणाला, "त्यांना समज देतील एवढंच वाटलं होतं. नोकरीवर बेतेल असं नव्हतं वाटलं. नुसता प्रश्न लिहून कोणी लक्ष दिलं नसतं, म्हणून पुढचं घातलं."

"मागे घे."

"आता? लेखी खोटं लिहिलं म्हणून सांगू? नित्या त्याच शाळेत आहे, बाबा. माझं काय होईल ते सोडा."

"बाईंचं काय होईल?"

"तुम्हाला त्यांचं मराठी आवडतं म्हणून एवढं वाटतंय."

हे मला लागलं, कारण थोडं खरं होतं. नुसतं गोड मराठी ऐकायला मी शाळेत चकरा मारल्या. त्या काय शिकवतात ते बघायला नव्हे. पण मी त्याला म्हटलं, "त्या तमिळमध्ये बोलल्या असत्या तरी नित्या जेवलीच असती." तो आत निघून गेला. काल दिवसभर आम्ही एकमेकांशी फक्त मीठ आणि वर्तमानपत्र यांबद्दल बोललो.

मी जाणार आहे, कीर्ती. तुला विचारण्यासाठी लिहीत नाही. तुला हे बाहेरून कळू नये म्हणून लिहितोय. तुझा भाऊ वाईट माणूस नाही. त्याला लाज वाटली, आणि लाज लपवायला त्याने एका बाईची भाकरी पणाला लावली. मी तिथे त्याचं नाव घेणार नाही, पण माझं आडनाव विचारतील, ते मला सांगावंच लागेल. नंतर या घरात माझी जागा राहील की नाही, ठाऊक नाही. तुझ्याकडे यायची वेळ आली तर सामान फार नाही. उगाच काळजी करू नकोस.

सव्वादहा झाले. धोतर बदललं. चारुलतेने न मागता टोपी आणून दिली. तिला किती ठाऊक आहे, मी विचारलं नाही. नित्या उठली, तिला मी सांगितलंय की शाळेत जाऊन येतो.

इतक्यात बेल वाजली, म्हणून थांबलो होतो. पुन्हा लिहायला घेतलंय ते उभ्याउभ्याच. दारात मंदार आहे. पहाटे बसने कारखान्याला निघाला होता, वाटेत श्रीपेरुंबुदूरला उतरून, बराच वेळ तिथल्या थांब्यावर बसून, रिक्षाने परत आला. किल्ली खिशात असून बेल वाजवली. आपल्याच घराच्या दाराबाहेर, पायपुसण्याच्या पलीकडे उभा आहे. मला अडवायला आलास का, असं मी विचारलं. संशयाची सवय लवकर जात नाही.

तो म्हणाला, "रिक्षा खाली थांबवलीय. मी येतोय. तुम्ही तिथं जे बोलणार ते मला वाटेत पुन्हा सांगू नका, बाबा. सगळ्यांसोबत तिथेच ऐकतो."

निघतो.

तुझा आणि मंदारचाही,
बाबा