बिनमिठाचं पॅटिस

बाई, आज पालक-चीजचं पॅटिस केलं, जाफराबादच्या शाळेत तुम्ही शिकवलं होतं तसंच. मैद्यात तुपाचं मोहन, चिरोट्यासारखा साटा लावून घड्या, आत परतलेला पालक, लसूण आणि किसलेलं चीज. अर्ध्या तासात होतं म्हणायचात, आणि होतं. आता चीज जालन्यात कोपऱ्यावर मिळतं आणि माझ्याकडे ओव्हन आहे, एवढाच फरक. लेक शेजारी उभी होती. म्हणाली, "मम्मी, हे त्याच बाईंचं ना, ज्यांनी तुझ्या हातचं खाल्लं नव्हतं?" मी "हो" म्हटलं आणि काय झालं कुणास ठाऊक, हातातलं लाटणं थांबलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तुमच्यावर रागवायचं की नाही हे माझं अजून ठरत नाही.

नववीचं गृहविज्ञानाचं प्रात्यक्षिक. चीजचा डबा तुम्ही औरंगाबादहून आणला होता, एकेकीच्या वाट्याला बोटाच्या पेराएवढं आलं. ओव्हन कुठला, कढईत जाडं मीठ तापवून त्यावर ताटली ठेवून आम्ही भाजत होतो. तुम्ही एकेकीचं पॅटिस मोडून चाखताय आणि झाडताय. "साटा लावलास का लेप?" "हे पॅटिस आहे का छपरावरचं कवेलू?" "मीठ किती गं हे?" जिला मिठाचा अंदाज नाही तिला कशाचाच नाही, हे तर तुमचं ठरलेलंच. हजेरीत मी शेवटची. माझ्यापाशी आलात आणि शिपाईमामा दारात उभे, "बाई, जालन्याची एसटी लागली, जल्दी करा." माझ्या दोनांतलं एक पॅटिस तुम्ही कागदात गुंडाळून पिशवीत टाकलं, "घरी खाते" म्हणालात आणि निघालात. तुम्ही वळलात तेव्हा मला टेबलावर झाकणात काढून ठेवलेलं मीठ दिसलं. जसंच्या तसं. कढईत किलोभर मीठ, आणि सारणात चिमूटभर नाही. उरलेलं पॅटिस चाखून पाहिलं. एवढ्याशा चीजनं काय होणार, पार अळणी होतं.

दुसऱ्या दिवशी वह्या वाटल्यात. मला वीसपैकी वीस. "छान झालं होतं हो," म्हणालात. एवढे गुण वर्गात कुणालाच नव्हते. मी खूश होतेय तोवर बाकावरची मैत्रीण कानाशी लागली, "खाल्लंच न्हाई बाईनं. न चाखता देऊन टाकले मार्क." मी म्हटलं, का बरं? तर म्हणते, "तू बुद्धविहारामागची. आता तुला काय सांगायचं?" घरी येऊन मायला सांगितलं. ती कापूस वेचून नुकतीच आल्ती. म्हणाली, "मार्क बराबर दिले न? मंग गप बस. कुणाच्या पोटात काय हाय, आपून कशाला बघावं." मी गप बसले, पण मन काही बसलं नाही.

तुम्ही खाल्लं असतं तर अळणी कळलं असतं, आणि कळल्यावर तुम्ही वीस दिले नसते. म्हणजे खाल्लं नाही. इथवर सरळ आहे. पण एसटी खरंच लागली होती, हॉर्न मीही ऐकला. आणि घरी जाऊन खाल्लंही असेल, वाटलं असेल, विहारामागच्या पोरीला एवढ्यावरून कशाला दुखवायचं. तसं असेल तर तेही मला नको होतं, बाई. बाकीच्या पोरींना झाडलंत तसं मलाही झाडायला हवं होतं. "अळणी केलंस, लक्ष कुठे होतं?" एवढंच. मग मी त्यांच्यातलीच एक झाले असते.

म्हणून आज सारणात मुद्दाम मीठ घातलं नाही, चीजही तेव्हासारखं नावालाच. लेकीनं दोन खाल्ली आणि "मस्त झालंय" म्हणाली. मी विचारलं, "मीठ बराबर आहे?" ती जरा चाचरली. "तू एवढ्या हौसेनं केलंस, मंग काय सांगू? मीठच नाही त्यात." मला आधी हसू आलं, मग रडू. म्हणजे खाऊनसुद्धा माणूस छान म्हणतं. पण ती माझी लेक आहे. तुम्ही माझ्या कोण होतात, हेच तर मला कळलेलं नाही.

खरं म्हणजे त्याच दिवशी विचारता आलं असतं. "बाई, माझं मीठ राह्यलं होतं," एवढं बोलले असते तर तुमच्या तोंडावरून सगळं कळलं असतं. बोलले नाही. वीस गुण जातील ही भीती होती, आणि त्याहून जास्त भीती तुमचं तोंड बघायची. नंतर मात्र नवऱ्याला, जावेला, लेकीला, सगळ्यांना ठासून सांगत आले की बाईंनी माझ्या हातचं खाल्लं नाही. हे पत्र धाडणार तरी कुठे, गृहविज्ञानाच्या त्या जुन्या वहीतच घालून ठेवते. आत लेक उरलेल्या पॅटिसवर मीठ भुरभुरून खातेय. तुम्ही खाल्लं की नाही हे मला माहीतच नाही, असं तिला मी अजून सांगितलेलं नाही.